अप्पू गेला, दुसऱ्या दिवशी दारात रांगोळी नव्हती

ताई,

मी बार्शीची, वय २८. जुलै २०२१ मध्ये नोकरीसाठी बंगळुरूला आले. जयनगरमध्ये एका जुन्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत राहते. खाली घरमालकीण आंटी, सत्तरीच्या, एकट्या. त्या तोडकंमोडकं हिंदी बोलतात, मीही तशीच. २९ ऑक्टोबरला कन्नड नट पुनीत राजकुमार, इथल्या सगळ्यांचा अप्पू, गेला तेव्हा मी त्याचा एकही चित्रपट पाहिलेला नव्हता. त्या दिवशी संध्याकाळी घरी आले तर आंटी टीव्हीसमोर बसून रडत होत्या. मी शेजारी बसले आणि मलाही रडू फुटलं. तीन दिवस थांबेना. दुसऱ्या दिवशी सकाळी आंटींनी दारात रांगोळीसुद्धा घातली नाही. नंतर आम्ही दोघींनी अप्पूचे आणि शंकर नाग या जुन्या कन्नड नटाचे चित्रपट पाहिले. आता रिक्षाच्या मागे शंकर नागचा फोटो दिसला की माझा घसा दाटतो. तो तर माझ्या जन्माच्या आधीच गेलेला माणूस!

हे शहर मला फार आवडायला लागलंय. बार्शीला चार दिवस राहिले की परत निघावंसं वाटतं आणि मग स्वतःची लाज वाटते. माझी आजी, आईची आई, मे २०२१ मध्ये कोविडने गेली. मामा एकटा स्मशानात होता, आम्ही सगळे व्हिडिओ कॉलवर. तेव्हा मी रडले नाही. मागच्या दिवाळीत अप्पूचा विषय निघाला तर मामा म्हणाला, ‘घरचं माणूस गेलं तेव्हा डोळ्यांत टिपूस नाही, आणि कानडी नटासाठी गळा काढतेस.’ सीमाप्रश्नावरूनही बोलला. बाबा गप्प होते, पण सकाळी म्हणाले, पुण्यात बघ काहीतरी. आता पुण्याची ऑफर आली आहे, महिनाभरात कळवायचं आहे. मी खोटी आहे का? (नेत्रदानाचा अर्ज मात्र भरलाय. घरी सांगितलेलं नाही.)

– एक वाचक, बंगळुरू

प्रिय मुली,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. तू खोटी नाहीस. तीन दिवस खोटं रडणं कुणालाच जमत नाही. तुझ्या पत्रातलं कंसातलं वाक्य मी तीनदा वाचलं. त्यावर मला बरंच बोलायचं आहे, पण ते सावकाश.

आधी माझं थोडं ऐक. १९८६ साली मी वाईहून मुंबईला नोकरीला आले. दादरला नोकरदार बायकांच्या वसतिगृहात एका खोलीत आम्ही चौघी. १३ डिसेंबरला स्मिता पाटील गेली. एकतीस वर्षांची होती, मागे पंधरा दिवसांचं बाळ. आमच्या मजल्यावरच्या कितीतरी जणींनी तिला चित्रपटाच्याही आधी दूरदर्शनवर मराठी बातम्या सांगताना पाहिलं होतं. त्यांच्या लेखी ती रोज संध्याकाळी घरात येणारी मुलगी होती. माझ्या वाईच्या घरात टीव्हीच नव्हता. तरी त्या रात्री जेवणघरात ताटं तशीच पडून राहिली आणि ज्यांची आडनावंही मला धड पाठ नव्हती अशा बायकांमध्ये बसून मी रडले. दुसऱ्या दिवशी उठायला उशीर झाला. न्हाणीघरापाशी गेले तर कुणीतरी माझ्या नावाने गरम पाण्याची बादली बाजूला काढून ठेवली होती. मुंबई तुझी कधी झाली, असं मला कुणी विचारलं तर मी ती बादली सांगते.

आपल्याकडे म्हातारी माणसं म्हणतात, लग्नाला जाणं चुकलं तर चालेल, मयताला जाणं चुकवू नये. लग्नात आपण पाहुणे असतो. मयताला आलेला माणूस त्या घराचा होऊन जातो. तू बंगळुरूत आलीस ते जुलैमध्ये, पण त्या शहराच्या घरात शिरलीस ती ऑक्टोबरच्या त्या संध्याकाळी, आंटींच्या शेजारी जमिनीवर बसलीस तेव्हा. चित्रपट एकही पाहिलेला नव्हता, हे तू अपराध्यासारखं लिहिलं आहेस. मयताला जाणाऱ्याने गेलेल्या माणसाचा किती सहवास घेतला होता हे कुणी विचारत नाही. तू आलीस आणि बसलीस, तेवढंच लक्षात राहतं.

आता तुला वाटत असेल की मी म्हणणार, ते अश्रू खरं तर आजीचे होते, अप्पू नुसतं निमित्त. हे म्हणणं सोपं आहे, आणि मला ते पटत नाही. अप्पूसाठी रडलीस ते अप्पूसाठीच. ४६ वर्षांचा धडधाकट माणूस सकाळी छातीत दुखलं म्हणून दवाखान्यात जातो आणि परत येत नाही, यात रडण्यासारखं पुरेसं आहे. त्यानंतर किती दिवस बंगळुरूच्या हृदयरोग रुग्णालयांत तपासणीसाठी रांगा लागल्या होत्या, हे तू स्वतः पाहिलं असशील. आंटींच्या पिढीने तर त्याला त्याच्या वडिलांच्या कडेवर असल्यापासून पडद्यावर पाहिलं. लहानपणीच्या कामासाठी त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. त्यांचा तो घरातला धाकटा मुलगा होता.

पण त्या तीन दिवसांत तू आणखी काहीतरी पाहिलंस. त्याचा देह दोन दिवस कंठीरव स्टेडियममध्ये ठेवला होता. लाखो माणसं येऊन गेली. आंटींना १२ एप्रिल २००६ आठवत असणार. अप्पूचे वडील, नट डॉ. राजकुमार, गेले तेव्हा या शहरात दगडफेक झाली, जाळपोळ झाली, एका पोलिसासह माणसं जिवानिशी गेली. त्या भीतीने या वेळी दारूची दुकानं बंद ठेवली होती, घरचे लोक हात जोडून शांत राहा म्हणत होते. आणि माणसं रांगेत उभी राहिली, पुढे सरकली, हात जोडून बाहेर पडली. ३१ तारखेच्या रविवारी पहाटे त्याला कंठीरव स्टुडिओत आई-वडिलांशेजारी पुरलं. हे सगळं तू आंटींबरोबर टीव्हीवर पाहिलंस. त्याच्या पाच महिने आधी तुझी आजी गेली होती, आणि तिच्या वाट्याला यातलं काहीही आलं नव्हतं. खांदा द्यायला चार माणसं नाहीत, अंगणात बायका नाहीत, कुणाच्या गळ्यात पडणं नाही. मोबाइलच्या चौकटीत एक धूर दिसला असेल. त्यावर कसं रडायचं हे तुला कुणी शिकवलं नव्हतं. आम्हालाही नव्हतं, तेव्हा अशी किती घरं कोरडी राहिली! माणूस गेल्यावर काय करायचं असतं, ते तू आंटींच्या घरात पहिल्यांदा पाहिलंस. म्हणून म्हणते, आजीच्या वाट्याचं रडणं तू अप्पूकडे वळवलं नाहीस. आजीचं रडणं अजून राहिलेलं आहे, एवढंच.

आणि ते एकट्या तुझं राहिलेलं नाही. मामाचं वाक्य पुन्हा वाच. गेली ती तुझी आजी, पण त्याची आई. स्मशानात तो एकटा होता. अंगावर ते प्लास्टिकचे कपडे, तोंड झाकलेलं, आईला हात लावायची मुभा नाही, शेजारी धरायला कुणी नाही. त्या दिवसांत ज्यांनी ज्यांनी आपल्या माणसाला असं पोचवलं त्यांच्या छातीत ते अजून तसंच अडकलेलं आहे. चार वर्षांनी भाची सांगते की एका नटासाठी आख्खं शहर रडलं, मी पण रडले. त्याने तुझ्यावर आरोप केला असं तुला ऐकू आलं. मला त्यात असं ऐकू येतं: माझ्या आईसाठी कुणीच जमलं नाही गं. तो हे असं सरळ म्हणू शकला नाही, कारण आपल्याकडच्या पुरुषांना टोमणा मारता येतो, हे बोलता येत नाही.

तेव्हा पुढच्या खेपेला बार्शीला गेलीस की मामाकडे जा. आईला बरोबर घे. त्याला त्या दिवसाबद्दल विचार. दवाखान्यातून फोन किती वाजता आला, कुणाच्या गाडीतून गेला, परत आल्यावर दारात पाणी कुणी दिलं, असं एकेक विचार. तो आधी उडवून लावेल. तरी बसून राहा, चहा होऊ दे. अप्पूचा विषय तू काढू नकोस, आपली बाजू मांडायला जाऊ नकोस. सीमाप्रश्नावर बोललाच तर वाद घालू नकोस. सीमाभागातल्या मराठी माणसांचं दुखणं खरं आहे, दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि त्याचा निकाल तुझ्या डोळ्यांतल्या पाण्यावरून लागायचा नाही. पण मनात एक गोष्ट असू दे. तुमच्याच जिल्ह्याचं दैवत, सोलापूरचे सिद्धेश्वर, बाराव्या शतकात बसवण्णांच्या, म्हणजे बसवेश्वरांच्या, काळात होऊन गेले, आणि त्यांनी आपली वचनं लिहिली ती कन्नडमध्ये. संक्रांतीला नंदीध्वज उचलणाऱ्या सोलापूरकराला कुणी त्यावरून परका म्हणत नाही.

आता शंकर नाग. खरं सांगते, हे नाव वाचलं आणि माझाही घसा दाटला. ३० सप्टेंबर १९९० ला दावणगेरेजवळ गाडीचा अपघात झाला आणि तो गेला. वय वर्षं ३५. १९८० साली त्याने पडद्यावर रिक्षावाला रंगवला आणि बंगळुरूच्या रिक्षावाल्यांनी त्याला आपला म्हणून टाकला, तो आजतागायत. त्याच्यानंतर जन्मलेली पोरं आज त्याचा फोटो लावून रिक्षा चालवतात. ऐंशीच्या दशकात तो या शहरात मेट्रो हवी म्हणून बोलत होता, असं जुने बंगळुरूकर सांगतात. पहिली मेट्रो धावली ती ऑक्टोबर २०११ मध्ये.

आणि हा माणूस आपल्यालाही परका नव्हता. होन्नावरकडचा, घरात कोकणी. तरुणपणी मुंबईत मराठी नाटकं करत होता. चापेकर बंधूंवर १९७९ साली जो मराठी चित्रपट आला त्याच्या पटकथेत त्याचा हात होता. तुझ्या बाबांना विचार, दूरदर्शनवर ‘मालगुडी डेज’ पाहायचात का? ती मालिका दिग्दर्शित करणारा हाच. बाबांनी त्याला तुझ्या कितीतरी आधी घरात घेतलं आहे, त्यांना नाव ठाऊक नसेल एवढंच. हे सांगताना त्यांचा चेहरा कसा होतो ते मला नक्की कळव.

त्याची बायको अरुंधती. तीही मुंबईत मराठी, गुजराती, हिंदी नाटकांत वाढलेली. नवरा गेला, पदरात लहान मुलगी, त्या अपघातात स्वतःलाही जबर मार. तिने पुतळा उभारला नाही. जे.पी. नगरमध्ये नाट्यगृह उभं केलं, कारण त्या दोघांचं ते स्वप्न होतं. पैसे जमवत, दारं ठोठावत चौदा वर्षं गेली, आणि ऑक्टोबर २००४ मध्ये रंगशंकरा उघडलं. तू जयनगरमध्ये राहतेस आणि पत्रात एकदाही त्याचं नाव नाही! तिथे सोमवार सोडला तर बहुतेक रोज प्रयोग असतो. कन्नड असतात, हिंदी-इंग्रजी असतात, अधूनमधून मराठीही येतात. मी गेले होते तेव्हा कॅफेत साबुदाणा वडा खाल्ला होता. परमुलखात तो ताटलीत समोर आला की काय वाटतं हे तुला सांगायला नको.

रिक्षाच्या मागचा फोटो पाहून तुला रडू येतं, येऊ दे. पण मला एक काळजी वाटते. गेलेल्या माणसांवर प्रेम करणं सोपं असतं. ती काही मागत नाहीत, बदलत नाहीत, उलटून बोलत नाहीत. शहरावरचं प्रेम तेवढ्यावर भागत नाही. लालबागेची फुलं, संध्याकाळचा पाऊस, दर्शिनी हॉटेलात उभ्याने घेतलेली, एकीत दोघांनी वाटून प्यायची बायटू कॉफी, हे आवडणं खरंच आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात बोअरवेल आटल्या आणि टँकरसाठी लोक रात्री जागले, तेही तुझंच शहर. तेव्हा आंटींच्या घरी पाणी होतं का? कोण भरत होतं? यांची उत्तरं तुला ठाऊक असतील तर शहर आवडतं असं म्हणायचा तुला पुरता हक्क आहे.

आणि भाषा. चार वर्षं झाली, मुली. चार वर्षं आंटी तुझ्यासाठी हिंदीत धडपडताहेत. सत्तरीतल्या बाईने स्वतःच्या घरात, स्वतःच्या शहरात. आता तू त्यांच्यासाठी कन्नडमध्ये धडपड. व्याकरणाचं पुस्तक नंतर आण. खाली उतरलीस की ‘ऊट आय्ता?’ विचार. जेवण झालं का, एवढंच आहे ते, आणि तुझी आजीही दारात आलेल्या माणसाला हेच विचारत असणार. दुसरा शब्द तर शिकावाही लागणार नाही. कन्नडमध्ये आजीला अज्जी म्हणतात. आंटींना एखाद्या दिवशी तुझ्या आजीचा फोटो दाखव आणि ‘नन्न अज्जी’ म्हण. माझी आजी. पुढचं सगळं त्या विचारतील.

पुण्याबद्दल. माझं मत हवं असेल तर ही ऑफर नाकार. पुणे वाईट म्हणून हे सांगत नाही. तिथून बार्शी चार-पाच तासांवर आहे, बंगळुरूहून सोलापूरपर्यंतच रात्रभराचा प्रवास. आई-बाबांना तुझी रोजची गरज असेल, कुणाचं दुखणं असेल, तर पुण्याला जाणं फार चांगलं, आणि मग मागे वळून पाहू नकोस. पण तुझ्या पत्रात तसं काही दिसलं नाही. दिसली ती लाज. लाजेपोटी सोडलेलं शहर माणसाला आयुष्यभर सलतं, आणि त्याचा राग नकळत आई-बापावर निघतो. बाबांनी ‘पुण्यात बघ’ म्हटलं ते दिवाळीच्या त्या रात्रीनंतर. आपली मुलगी हातातून निसटतेय असं त्यांना वाटलं असेल. त्यावर पुणे हा उपाय होत नाही. त्यांच्याशी बोलायला हवं.

कशावरून सुरुवात करायची, ते तूच कंसात लिहून पाठवलं आहेस. नेत्रदानाचा अर्ज. राजकुमारांचे डोळे दान झाले, पुनीतचेही झाले. त्याच्या दोन डोळ्यांतून चार जणांना दिसू लागलं. डॉक्टरांनी बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा पुढचा थर दोघांना आणि मागचा थर दुसऱ्या दोघांना बसवला. त्यानंतर तुझ्यासारख्या कितीतरी जणांनी अर्ज भरले. पण हे नीट समजून घे: नुसत्या अर्जाने काही होत नाही. माणूस गेल्यावर घरच्यांनी संमती द्यावी लागते आणि त्यांनीच नेत्रपेढीला फोन करावा लागतो. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. तोवर पापण्या मिटून ठेवायच्या, त्यावर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची, खोलीतला पंखा बंद करायचा. पथक घरी येतं, पंधरा-वीस मिनिटांत काम होतं, चेहरा विद्रूप होत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं, मधुमेह असला, चष्मा असला तरी चालतं. म्हणजे बाबांनाही करता येईल, मामालाही.

घरी हे ठाऊकच नसेल तर तुझ्या अर्जाचा कागद तुझ्या खोलीतल्या फायलीत राहील. म्हणून बाबांना सांग. दचकतील, ‘असलं अभद्र बोलू नकोस’ म्हणतील. थोडं थांब आणि पुन्हा सांग. ‘बाबा, मी कुठेही राहिले तरी अशा वेळी फोन तुम्हालाच जाणार आणि हो तुम्हीच म्हणायचं आहे’, असं सांग. तुझं कुणाशी काय नातं आहे, ते त्यांना यातून कळेल. बंगळुरूत राहायचं आहे, हेही त्याच बैठकीत सांगून टाक. आंटींबद्दल सांग. त्या गरम कॉफीचा दवरा, म्हणजे वाटीसारखं पसरट भांडं, हातात देतात तेही सांग, आईला बरं वाटेल.

आणि मग सगळ्यांना बोलाव. मामालाही. दिवाळीनंतरचा एखादा आठवडा बघ, हवा छान असते. आंटींच्या दारात सकाळी रांगोळी असेल. दुपारी लालबाग दाखव. २०२२ च्या ऑगस्टमधलं तिथलं फुलांचं प्रदर्शन राजकुमार आणि पुनीत या बापलेकांच्या नावाने भरलं होतं, ते आंटी सांगतील. संध्याकाळी रंगशंकराची तिकिटं काढ, आंटींसकट पाचही. मराठी प्रयोग मिळाला तर उत्तम, कन्नड असला तरी चालेल, मामाला आंटी समजावतील. मात्र घरातून लवकर निघा. अंतर कमी आहे, पण संध्याकाळच्या ट्रॅफिकचा भरवसा नसतो, आणि तिथे प्रयोग सुरू झाला की दार लावून घेतात, मग उशिरा आलेल्या कुणालाही आत सोडत नाहीत.

तुझी,
ताई